टेपाखालच्या तुकड्याचा कागद

बाचं डोकं ठिकाणावर आहे, असं नाथू आणि हैबती या दोघा भावांनी सकाळी ठासून सांगितलं, आणि दुपारच्या जेवणाच्या आत तितकंच ठासून नाकारलं. मधल्या वेळात बाच्या डोक्यात काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते एक नाव. त्यांची बहीण गीता दोन्ही वेळेला तिथेच होती, आणि दोन्ही वेळेला तिला भावांचं म्हणणं खरं वाटलं. तिचा गोंधळ झाला तो तिथून.

मृत्युपत्राचं काढलं ते हैबतीनं. धाकटा हैबती मुंबईला गोदीत होता. दिवाळीला वाडीवर आला तेव्हा त्याच्या कमरेला मोबाईल होता. कापडे गावाच्या वरच्या अंगाला ढेब्यांची वाडी, तिथे त्याला रेंज यायची नाही, तरी तो काढून बघायचा. त्या वर्षी महाबळेश्वरच्या घाटरस्त्याला लागून असलेल्या जमिनींना पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं विचारू लागली होती, आणि ढेब्यांचा टेपाखालचा, म्हणजे टेकाडाच्या पायथ्याचा, तुकडा नेमका रस्त्याला लागून होता. भाताची खाचरं वडिलोपार्जित. ती मागेच नाथू आणि हैबतीच्या नावावर झाली होती, तेव्हा बाच्याच सांगण्यावरून गीतानं हक्कसोड लिहून दिली होती. टेपाखालचा तुकडा मात्र बानं स्वतः विकत घेतलेला, त्याच्या एकट्याच्या नावावर.

हैबतीनं नाथूला समजावलं, की बा काही न लिहिता गेला तर या तुकड्याला चार वारस. आपण दोघं, गीता आणि मोरू. थोरला मोरू गिरण्यांचा संप झाला त्या साली मुंबईला गेला तो परतलाच नाही. जिवंत आहे की गेला, कोणी सांगू शकत नव्हतं. हरवलेल्या माणसाची सही आणायची कुठून? त्यापेक्षा बानं दोघांच्या नावे लिहून दिलं की प्रश्न मिटला. नाथूला ते पटलं. भावाभावांत इतकं एकमत बऱ्याच वर्षांनी झालं होतं.

गीता भाऊबीजेला आली होती ती बाच्या तापामुळे तिथेच राहिली. सासरच्या शिवथर गावाहून निघताना नवऱ्यानं, सहदेवनं, तिला एवढंच सांगितलं होतं, की हक्कसोडीच्या वेळी गप्प बसलीस, आता तरी तोंड उघड. पावसाळ्यात त्यांच्या घराची मागची भिंत बसली होती, तिथे अजून ताडपत्री होती. पण वाडीवर आल्यावर तोंड कोणापुढे आणि कसं उघडायचं, हे गीताला उमगलं नव्हतं.

महाडला वकिलाकडे जायच्या दिवशी पहाटे बा उठून गोठ्यात गेला आणि बांडी म्हैस शोधू लागला. बांडी विकून किती तरी दिवस झाले होते. गीता कंदील घेऊन गेली तर तिच्याकडे बघत तो म्हणाला, "चंपे, बांडी दावं तोडून गेली वाटतं." चंपा म्हणजे गीताची आई, जाऊन सात-आठ वर्षं झालेली. गीतानं त्याला हाताला धरून आणला, चहा दिला. थोड्या वेळानं तो तिला गीता म्हणू लागला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. तिनं नाथूच्या कानावर घातलं. नाथू म्हणाला, पहाटे होतं असं, वकिलापुढे बोलू नको.

जीपमध्ये जो तो आपापलं ऐकीव सांगत होता. नाथूनं कागद पक्का व्हावा म्हणून स्टॅम्पपेपर आणला होता. हैबतीचं म्हणणं, रजिस्टर केल्याशिवाय विल म्हणजे रद्दी. नाथूनं साक्षीला बरोबर घेतलेला गिरणीवाला गणू म्हणाला, साक्षीदाराला पुढे कोर्टात खेटे घालावे लागतात म्हणे, तसं काही नाही ना? आणि बा मध्येच विचारत होता, "अंगठा दिला की उद्यापास्न तिथं माजी म्हस चरायची नाय का?" त्याला कोणी नीट उत्तर दिलं नाही.

बुद्धरत्न तांबे वकिलांचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर होतं. तांबे सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी बाला बसायला दिलं, पाणी दिलं आणि मग सगळ्यांच्या ऐकीव गोष्टी एकेक करून बाजूला काढल्या. स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. रजिस्टर केलेलं बरं, पण न केलं तरी मृत्युपत्र खोटं ठरत नाही. माणसानं ते राजीखुशीनं, शुद्धीत करावं. त्याचा अंगठा किंवा सही दोन साक्षीदारांनी डोळ्यांनी पाहावी आणि मग त्याच्यासमोर आपल्या सह्या कराव्यात. आणि माणूस जिवंत आहे तोवर त्या कागदानं कशाचीही मालकी बदलत नाही. मनात आलं तर तो उद्या फाडूनही टाकू शकतो.

"म्हंजे मरंपर्यंत माजंच?" बानं विचारलं.

"तुमचंच."

"मंग बरं," म्हणून बा खुर्चीत टेकला. इतका वेळ तो खुर्चीच्या कडेला बसला होता.

खाली दवाखाना असलेल्या डॉक्टर अमिता मेहता वर आल्या. वय झालेल्या माणसाचं मृत्युपत्र असलं की तांबे त्यांना बोलवत. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि मुलांना विचारलं, की यांना विसर पडतो का, काही भलतंसलतं बोलतात का. हैबती म्हणाला, आमचा बापूस तुमच्याआमच्यापेक्षा शार्प आहे. नाथू म्हणाला, सगळ्या म्हशींची खापरपणजीपर्यंत नावं सांगेल. डॉक्टर हसल्या. गीताला कोणी विचारलंच नाही.

मग तांब्यांनी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. बाच म्हणाला, असू द्या, चोरून काय करायचंय. तांब्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, की टेपाखालची जमीन तुमच्या पश्चात कोणाला द्यायची?

"माज्या लेकीला," बा म्हणाला.

खोलीत सगळ्यांच्या माना गीताकडे वळल्या. एका श्वासाइतका वेळ तो तुकडा तिचा झाला. तिला मागची भिंत उभी राहिलेली दिसली, सहदेवचा चेहरा दिसला. हक्कसोडीच्या दिवसापासून बाला हे लागून राहिलं होतं तर, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तांब्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "मुलीचं पूर्ण नाव सांगा."

"आवडी," बा म्हणाला. "आता पाचाडला असती."

आवडी ही मोरूची बायको. मोरू परतायची वाट बघत तिनं वाडीवर कितीतरी पावसाळे काढले. शेवटी सासऱ्यानंच, म्हणजे बानंच, पुढाकार घेऊन पाचाडच्या एका विधुराशी तिचा पाट लावून दिला. तो गडावर येणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी करून घालायचा. तिथे तिचं बरं चाललं होतं. वाडीवर ती सणासुदीलाही यायची नाही, कारण नाथूच्या बायकोला ते आवडायचं नाही.

पहिला बोलला हैबती. त्यानं तांब्यांना सांगितलं, की लिहू नका, बाच्या डोक्याचा काही भरवसा नाही. नाथूनं लगेच दुजोरा दिला. ताप आल्यापासून त्याचं असंच चाललंय, म्हणाला, कोण पोटचं, कोण परकं, कळत नाही त्याला. डॉक्टरांनी विचारलं, की मघाशी तर वेगळं सांगत होतात? उत्तर द्यायच्याऐवजी हैबतीनं गीताला खूण केली, आणि तिघं बाहेरच्या गॅलरीत आले. गणू आधीच तिथे येऊन उभा होता. गिरणीवर दळणं पडली असतील, असं म्हणून तो जिना उतरून गेला तो परत आला नाही.

"ताई, सिंपल हाय," हैबती म्हणाला. "खोटं बोल म्हनत नाय तुला. पहाटे काय झालं तेवढं डॉक्टरला सांग."

नाथू म्हणाला, की कागद झाला नाही तर कायद्यानं तिलाही वाटा आहे. तो मी देईन, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. हक्कसोडीच्या वेळचं मनातून काढून टाक.

नाथूदादा तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. गीताला ते गोडही वाटलं आणि त्याची भीतीही वाटली. हैबतीनं विचारलं, मग मोरूचा वाटा कोणाकडे जाणार? घराकडे, नाथू म्हणाला. घर म्हणजे तूच ना, असं हैबती म्हणाला, आणि दोघं दबक्या आवाजात एकमेकांवर घसरले. गीता कठड्याला धरून उभी राहिली. तिला राहून राहून एकच वाटत होतं. सकाळी हे म्हणाले बा शुद्धीत आहे, तर ते खरं होतं. आता म्हणतात भ्रमात आहे, तर पहाटेचं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग शुद्ध म्हणजे नेमकं काय? आणि बा खरंच भ्रमात असावा, असं आपल्याला का वाटतंय? वाट्यासाठी? तेवढ्यासाठी नाही, हे तिला कळत होतं. भ्रमात बोललेलं पोटात घालता येतं. शुद्धीत बोललेल्याचं काय करायचं?

आत गेल्यावर डॉक्टरांनी तिलाच विचारलं, की सध्या यांच्याजवळ कोण असतं? गीता म्हणाली, मी. मग तिनं सगळं सांगून टाकलं. बांडी म्हैस, दावं, चंपा हे नाव. दाराशी उभ्या असलेल्या नाथूनं सुस्कारा सोडलेला तिला ऐकू आला. बा मान खाली घालून ऐकत होता. आपल्याविषयी हे सगळं तो पहिल्यांदाच ऐकत असावा.

डॉक्टर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "बाबा, तुम्हाला मुलं किती?"

"चार. मोरू, नाथू, गीता, हैबती." मोरूच्या नावापाशी तो जरा थांबला.

"आणि आवडी?"

"ती मोरूची बायकू व्हती."

"मग तिला लेक कसं म्हणता?"

बानं थोडा विचार केला. "पाट लावला तवा पंचांनी इचारलं, बाई कोन देतो. मी म्हनलो, बाप देतो. पंचांम्होरं बोललोय. आता फिरवू काय ते?" मग गीताकडे हात करून म्हणाला, "पोटची ही हाय. ठावं हाय मला."

तांब्यांनी विचारलं, की हिला काहीच द्यायचं नाही का? तो प्रश्न गीतानं कधीच विचारला नसता.

"हिच्या वाटचं मीच मागं पोरांना देववलं," बा म्हणाला. "बरं केलं का वंगाळ केलं, झालं ते. पन टेपाखालचा तुकडा माजा नाय. माज्या नावावर हाय एवढंच. माळ व्हता तो. धोंडे काढून, बांध घालून आवडीनं त्याची खाचरं केली. मी हाताखाली व्हतो. तिचं हाय ते तिला जातंय. दुसऱ्याचं गीतेला कसं देऊ?"

गीताला ते दिवस आठवले. पहिल्या बाळंतपणाला ती वाडीवर होती. आवडीवयनी दिवेलागणीला टेपावरून खाली यायची, तेव्हा तिची बोटं धोंड्यांनी सोललेली असायची. त्याच हातांनी ती गीताच्या पोराला तेल लावायची, आणि तेलानं बोटं चुरचुरली की हसायची. तो तुकडा कोणाचा, असं तेव्हा गीताच्या मनातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी आणखी बरंच विचारलं. चतुःसीमा विचारल्या, कोणाला दिल्यानं कोण नाराज होईल ते विचारलं. बानं वार चुकीचा सांगितला, मुख्यमंत्र्याचं नाव जुनंच सांगितलं. पण टेपाखालच्या तुकड्याच्या चारही बाजू, आणि नाराज होणारी सगळी माणसं, त्यानं बरोबर सांगितली. शेवटी त्या म्हणाल्या, विसरणं वेगळं आणि न समजणं वेगळं. पहाटे भ्रम झाला असेल. आत्ता त्यांना आपण काय करतोय ते कळतंय. मी आत्ताचं लिहून देते, आणि पहिली साक्षही मीच करते.

हैबती म्हणाला, कोर्टात बघू. तांबे म्हणाले, जरूर बघा. पण दुसरा साक्षीदार मात्र नव्हता. गणू गेला होता. तांब्यांनी कारकुनाकडे पाहिलं, मग मान हलवली. उद्या मुलं कोर्टात गेली तर आमचा पगारी माणूस आम्ही पढवला असं म्हणतील, म्हणाले. आणि त्यांची नजर गीताकडे आली.

"मी सही केली तर माजं काय जाईल?" गीतानं विचारलं.

तांब्यांनी पेन खाली ठेवलं. "कागद झाला नाही तर तुम्हालाही वाटा आहे. झाला तर नाही. सही न करता उठून गेलात, तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

"मंग मलाच का सांगताय?"

"ज्याला यातून काही मिळत नाही, त्याचा शब्द वजनदार. तुमचं तर उलट हातचं जातंय. मुलीनं स्वतःचं नुकसान करून सांगितलेलं कोण खोटं म्हणेल?"

मजकूर टाईप होऊन आला. तांब्यांनी तो बाला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी बानं त्यांना मध्येच थांबवून 'सून' खोडून 'मानलेली मुलगी' लिहायला लावलं. कारकुनानं कागद पुन्हा काढला.

सही करायची असं गीतानं ठरवलं होतं, असं काही म्हणता येणार नाही. बाचा अंगठा शाईला लागला तेव्हा कागद पंख्यानं उडत होता. कागद सरकेल, अंगठ्याचा फराटा उठेल, म्हणून तिनं पुढे होऊन दोन्ही हातांनी कागद दाबून धरला. अंगठा नीट उमटला. डॉक्टरांनी सही केली आणि पेन तिच्यापुढे धरलं. चौथीपर्यंतच्या शाळेत शिकलेल्या अक्षरांत, जीभ दाताखाली धरून, तिनं 'गीता सहदेव आखाडे' असं लिहिलं. नात्यापुढे काय लिहू, असं विचारल्यावर तांबे म्हणाले, मुलगी लिहा. तिनं लिहिलं.

नाथू दारात उभा होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाला आता तूच ने. दोन लेकी झाल्यात त्याला." दोघे भाऊ जिना उतरून गेले, आणि खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

तांब्यांनी मूळ कागद पाकिटात घालून बाच्या हाती दिला, आणि सांगितलं, की विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, मूळ कागद सापडला नाही तर पुढे सगळंच अवघड होईल. बानं ते पाकीट तसंच गीतापुढे केलं.

"माज्याकडं?" गीता म्हणाली. "बा, ह्यो कागद नायसा झाला तर मला वाटा मिळतो."

"ठावं हाय," बा म्हणाला.

शिवथरच्या एसटीत त्याला खिडकीशी जागा मिळाली. गीतानं विचारलं, की आवडीवयनीला सांगायचं का? बा म्हणाला, नको. सांगितलं तर ती नको म्हणेल, आणि आता माझ्यात वाद घालायची ताकद नाही. मग तो झोपला. गीतानं पाकीट पदराखाली धरलं होतं. नाथूदादाच्या दारात आता भाऊबीजेला पाय ठेवता येईल की नाही, बा किती दिवस आपल्याकडे राहील, सहदेवला काय सांगायचं, यातल्या कशाचंच उत्तर तिला सापडत नव्हतं. आपण फार मोठं काही केलं की फार मूर्खपणा केला, हेही तिला ठरवता येईना.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. सहदेवनं सासऱ्याला पाहून काही विचारलं नाही, पडवीत घोंगडी अंथरून दिली. बानं चहा घेतला आणि आडवा झाला. मग चुलीपुढे बसत सहदेवनं विचारलं, "काय दिलं बानं?"

गीतानं सगळं सांगितलं. पहिल्यांदा 'लेक' ऐकल्यावर आपल्याला काय वाटलं, तेही सांगितलं. सहदेव ऐकत राहिला. ती थांबल्यावर उठून गोठ्यात गेला. बैलांना वैरण टाकल्याचा आवाज आला. गीता भाकरी थापत राहिली. पाकीट तिनं कपड्यांच्या लाकडी पेटीवर ठेवलं होतं.

तो परत आला तेव्हा त्याची नजर त्या पाकिटावर गेली.

"पेटीत नको ठेवू त्यो," तो म्हणाला. "वाळवी लागलीय पेटीला."

त्यानं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यातलं काकडीचं आणि दुधीचं बी सुपात ओतलं, डब्याची धूळ झटकली, आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तो आतून पुसू लागला. पुसून झाल्यावर उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा एकदा पुसला. मग तिच्याकडे न बघता तो तिच्यापुढे ठेवला, आणि जेवायला बसला.

तो रागावला होता की नाही, हे गीताला त्या संध्याकाळी कळलं नाही. तिनं पाकीट डब्यात ठेवलं, झाकण दाबून बसवलं, आणि बाला जेवायला उठवायला पडवीत गेली.